ब्याण्णव मार्कांचे आबा

२० जानेवारी, सोमवार. सोलापूर

ही डायरी मोरबीच्या टाइल्स कंपनीनं सुपरवायझर लोकांना वाटली होती. मी लाइनीत उभा राहून घेतली. आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.

आज आबांचं पहिलं इंजेक्शन झालं. मागच्या वर्षी किडनीचा कॅन्सर काढला, आता छातीत दोन ठिपके निघालेत. केमो नाही, नवीन औषध आहे. दर तीन आठवड्यांनी एक बाटली सलाइनसारखी चढवतात. डॉक्टर मॅडमनी समजावलं की आपल्या अंगात पोलीस असतात, कॅन्सर त्यांचा ब्रेक दाबून धरतो, हे औषध ब्रेक सोडवतं. आबा तीस वर्षं एसटीत कंडक्टर. ते म्हणाले, मॅडम, ब्रेक काढल्यावर गाडी काय बघून धडकती व्हय? कुटंबी धडकंल की. मॅडम हसल्या. म्हणाल्या, बरोबर बोललात, म्हणून तर दर खेपेला रक्त तपासायचं. ते पोलीस कधीकधी आपल्याच माणसाला धरतात. गळ्यात थायरॉइडची ग्रंथी असते, पुष्कळदा तीच सापडते.

मला सगळं कळलं. प्रिया मात्र वहीत लिहून घेत होती. प्रिया म्हणजे धम्मप्रिया, माझी धाकटी बहीण, मेडिकल दुकानात काउंटरला असते. ज्याला कळतं त्याला लिहावं लागत नाही.

मग खिडकीवर मोबाइल नंबर विचारला. प्रिया तिचा सांगणार होती. आबांनी तिला हातानं थांबवलं, म्हणाले, पोरगा हाय की माझा. आणि माझा नंबर पाठ म्हणून दाखवला, एसटीतल्या आवाजात. अख्खी ओपीडी वळून बघायला लागली. कुंभारी, वळसंग, अक्कलकोट, दुधनी, असं आबा ओरडले की मागच्या सीटवर घोरणारा माणूससुद्धा बरोबर आपल्या गावी उतरायचा.

रिपोर्ट कागदावर देणं त्यांनी बंद केलंय. सगळे माझ्या व्हॉट्सअॅपवर येणार. म्हणजे ट्रीटमेंटचा मेन मीच.

२२ जानेवारी. रेल्वेत

संकल्प. आबांना बरं करायचं. फोर्कलिफ्ट शिकायची. मावा बंद. तिन्ही आजपासून.

ग्रुप काढला, नाव ‘मिशन आबा’. मी, आई, प्रिया, आत्या. अॅडमिन मी.

सुरतेला गाडी थांबली तेव्हा मावा खाल्ला. तोंड कडू झालं होतं.

२४ जानेवारी. मोरबी

रूमवर सिद्धाराम भेटला. आमच्याच लाइनवर पॅकिंगला आहे, दुधनीचा, घरी कानडी बोलतो. त्याला आजार समजावून सांगितला. त्यानं विचारलं की तू सगळं सोडून इथं आलास तर तिथं इंजेक्शनला कोण नेणार. म्हटलं, नेणं हे हमालीचं काम, ते प्रिया करेल. डोकं इथून चालतं. तो यप्पा म्हणाला आणि भांडी घासायला गेला.

घरी मी फोर्कलिफ्ट चालवतो असं सांगितलंय. खरं तर मी टाइल्सच्या खोक्यांना पट्टी मारतो. पण फोर्कलिफ्टच्या शेजारीच उभा असतो.

३० जानेवारी

प्रिया ग्रुपवर फार टाकते. आज ताप किती, भूक किती, मॅडम काय म्हणाल्या. माणूस घाबरतो अशानं. सेटिंग बदललं. आता फक्त अॅडमिनला मेसेज टाकता येतो. ग्रुप एकदम शांत झाला. आधीच करायला हवं होतं.

११ फेब्रुवारी

काल दुसरं इंजेक्शन. रिपोर्ट आला. सगळी अक्षरं बारीक. ग्रुपवर अंगठा टाकला.

२६ फेब्रुवारी

व्हिडिओ कॉल. आबांचा कायापालट! पहाटे चारला उठतात. काल कपाट रिकामं करून पुन्हा लावलं, परवा मोरी घासली. पाच भाकरी खातात आणि तरी चार किलो उतरलेत. आई रडकुंडीला आलेली. म्हणाली, पंखा फुल केला तरी घाम सुटतोय रं त्यांना, हात असा थरथरतोय की चा सांडतोय, छातीवर कान ठेवला तर आत नुसतं धाडधाड. मी म्हटलं, आई, तुला सुख बघवतच नाही. नवीन इंजिन बसलंय, रनिंगला वेळ लागतो.

आबा मागून ओरडले की त्या फोनचं बंद करा आधी. आबा कधी असं ओरडत नाहीत. ताकद आलीय.

४ मार्च

तिसऱ्या इंजेक्शनचा रिपोर्ट आला. बारा ओळी, अकरा बारीक, एक जाड. टीएसएच, ०.०१.

विचार केला. आपल्याकडे फ्लेक्सवर जाड अक्षरात कुणाचं नाव असतं? जो मेन असतो त्याचं. बाकीचे शुभेच्छुक बारीक. म्हणजे रिपोर्टमधलं मेन हेच. आणि ते जवळपास शून्यावर आलंय. म्हणजे रोग जवळपास शून्यावर. शिकलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागला असता.

६ मार्च

दवाखान्यातून सुंदरम्मा सिस्टरचा फोन. त्यांच्या बोलण्यात अर्धं तेलुगू. म्हणाल्या, थायरॉइड हलतंय, पेशंटला धडधड आहे का, वजन घटतंय का, तसं असेल तर लगेच घेऊन या. मी म्हटलं, पेशंट फर्स्ट क्लास. लाइनवर खोकी येत होती. त्या आणखी काही सांगत होत्या, पण नेटवर्क गेलं. म्हणजे मी कट केला, पण नेटवर्कही खराबच होतं.

२५ मार्च

चौथं झालं. टीएसएच ८. तेच जाड अक्षर. शून्यावरून आठ! मागं मी शून्य म्हणजे चांगलं असं लिहिलंय. ते तेव्हा बरोबर होतं. आता वर चाललंय तेही बरोबर आहे. शाळेत मला हेच सांगता यायचं नाही म्हणून नववीला बसवलं.

आई म्हणाली, धडधड थांबली, हात थरथरायचा बी थांबला. मी म्हटलं, बघ.

६ एप्रिल, रविवार

सोलापूरला बेचाळीस. आणि आबा चादर गुंडाळून बसलेत! आपली जाड सोलापुरी चादर. दुपारभर झोपतात. आई म्हणाली, तोंड सुजल्यागत झालंय, हाक मारली की लई येळानं व्हय म्हणत्यात. मी म्हटलं, अंग धरलंय, कौतुक कर. पण दिवसा झोपणं बंद. आराम मिळाला की माणूस बिघडतो. मी बारा तास उभा असतो, मला कुणी चादर देत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी मिळाली नाही. दर वर्षी आमच्या कुंभारीच्या मिरवणुकीत पहिली घोषणा आबांची. त्याशिवाय बँड वाजत नाही. यंदा पोरांनी माइक पुढं केला आणि आबांच्या तोंडून आवाजच निघाला नाही. प्रियानं सांगितलं, नुसती घरघर, गंजलेलं दार ढकलल्यासारखी. मग झेंड्याची काठी धरून थोडा वेळ उभे राहिले आणि रस्त्याकडेच्या पायरीवर बसून घेतलं. घोषणा दुसऱ्यानंच दिली.

चार लोकांत माझी काय राहिली?

फोन लावला. म्हटलं, आबा, हे सगळं मनाचं असतं, तुम्ही नाटक करताय. ते बोलायला लागले. नवनाथ म्हणाले. फोन स्पीकरवर ठेवून मी एका खोक्याला पट्टी मारली. मग म्हणाले, लई. मी दुसरं खोकं बांधलं. मग म्हणाले, गार वाजतंय रं. शेजारच्या लाइनवरचे बिहारी हसायला लागले. मीही हसलो. सिद्धाराम हसला नाही. त्याला विनोद कळत नाहीत.

१६ एप्रिल, बुधवार. रात्री

काल पाचवं इंजेक्शन झालं. आज रिपोर्ट आला.

ब्याण्णव!!!

जाड अक्षरात. शेजारी इंग्रजी एच. एच म्हणजे हाय. मला जन्मात कुठल्या विषयात ब्याण्णव पडले नाहीत. गणितात नऊ आणि भूगोलात दोन होते एकदा. आबांनी एका खेपेत काढले.

स्टेटस टाकलं, ‘आबा ९२’. संध्याकाळपर्यंत छप्पन्न लोकांनी बघितलं. सतरा अभिनंदन. एकानं विचारलं, बारावी का? एकानं भावपूर्ण श्रद्धांजली टाकली, त्याला ब्लॉक केला. प्रियाला स्टेटस दिसत नाही, जानेवारीतच बंद केलंय.

१७ एप्रिल

पुन्हा सुंदरम्मा सिस्टर. म्हणाल्या, टीएसएच लई वाढलाय, थायरॉइड पूर्ण बसलंय, मॅडमनी गोळी लिहून दिलीय, तुमच्या व्हॉट्सअॅपवर पाठवलीय, उद्यापासूनच सुरू करा, रोज सकाळी उपाशीपोटी. मी हो म्हटलं.

गोळीचा फोटो बघितला. मग विचार केला. ब्याण्णव पडलेल्या पोराला क्लास लावतात का? गोळी नापासाला. शिवाय थायरॉइड हा बायकांचा आजार, आमच्या आत्याला आहे. तीस वर्षं उभ्यानं तिकीट फाडलेल्या माणसाला थायरॉइड कुठून होणार. आबांना आधीच किती गोळ्या. कुणीतरी नाही म्हणायला पाहिजे. मेन माणसाचं तेच काम असतं.

सिस्टरना ‘सुरू केली’ असा मेसेज टाकला. वर दोन हात जोडले.

१९ एप्रिल

प्रियाचा फोन, दिवसात चौथा. म्हणाली, दादा, मॅडमनी इंजेक्शनच्या दिवशीच सांगितलंय की आबांचं हे थायरॉइडचं वाटतंय, रिपोर्ट आला की लागली तर गोळी कळवू. काय आलं? रिपोर्ट पाठव. मी म्हटलं, निरोप आलाय, काही गरज नाही. ती म्हणाली, मग नुसता आकडा तरी सांग. म्हटलं, फर्स्ट क्लास आहे. ती म्हणाली, दादा, रक्ताला क्लास नसतो. मी म्हटलं, तू खोकल्याची बाटली विक.

पाठवायला मला काही नाही. पण दिला की ती मॅडमशी परस्पर बोलणार, मग आबा तिला विचारणार. इतकी वर्षं घरात सगळं तिलाच विचारतात. एवढं एकच माझ्या हातात आहे.

२२ एप्रिल

आयडिया आली. सत्कार! ४ मे, रविवार, संध्याकाळी, घरकुलासमोर. ‘कॅन्सरवर मात’. एसटीतले जुने लोक बोलवायचे. आबांचं भाषण ठेवायचं. आबांना एकदा लोकांसमोर उभं केलं की आवाज आपोआप येईल. घोड्याला मैदान लागतं.

सिद्धाराम म्हणाला, मात झाली असं सांगितलं कुणी? म्हटलं, स्टेटस बघितलं नाहीस का.

२७ एप्रिल

आई फोनवर म्हणाली, जिना चढताना बसत्यात, बोलता बोलता झोपत्यात, चार दिवसांत पोट साफ न्हाय, भुवया झडायला लागल्यात. मी ऑर्डर काढली. चादर कपाटात, कुलूप, किल्ली आईकडं. पहाटे गार पाण्यानं आंघोळ. रोज घरकुलाला दोन चकरा. आई म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय का? मी हो म्हटलं. मी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं, मग आबांचंच नुकसान.

३० एप्रिल

आई म्हणते, रोज गार पाणी ओतते आणि रोज रडते. आबा काही म्हणत नाहीत. नुसते बसतात, दात वाजत नाहीत, अंगावर काटा येत नाही. म्हणजे सवय झाली.

फ्लेक्स फोनवरून ठरवला, दहा बाय आठ. फ्लेक्सवाल्यानं विचारलं, टीएसएच म्हणजे काय लिहू? म्हटलं, परीक्षेचं नाव आहे.

३ मे, शनिवार. कुंभारी

सकाळी पोचलो. आबा ओट्यावर बसले होते. ओळखलं नाही. म्हणजे मी त्यांना. तोंड फुगलेल्या कणकेसारखं, डोळे चिरल्यासारखे. जय भीम आबा म्हटलं. बराच वेळ बघत राहिले. मग जीभ हलली, जाड झालेली. आलास, म्हणाले.

हात हातात घेतला. बाहेर त्रेचाळीस, हात रांजणाच्या बुडासारखा गार. थोडं कसंतरी झालं. पण प्रवासानं मला तसं होतं.

दुपारी भाषणाची प्रॅक्टिस घेतली. एकच वाक्य, मी माझ्या मुलामुळे उभा आहे. सात वेळा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी ‘मुलामुळे’वर झोपले. आईनं कपाटाकडे बघितलं, मी मान हलवून नाही म्हटलं.

प्रिया रात्रपाळी करून झोपली होती. उठून भांडली आणि परत कामावर गेली. म्हणाली, मंगळवारी सहावं इंजेक्शन आहे, त्या दिवशी मी मॅडमसमोर बसते आणि तुझा फोनच घेऊन जाते. मंगळवार लांब आहे.

४ मे, रविवार. संध्याकाळी ५

फ्लेक्स लागला. काय दिसतोय! मधोमध मी, गॉगल लावून, हात जोडून. आबा वर कोपऱ्यात गोलात, एसटीच्या ओळखपत्रावरचा फोटो. खाली: कॅन्सरवर मात! टीएसएच परीक्षेत ९२ गुण मिळवून प्रथम श्रेणीत उत्तीर्ण! शुभेच्छुक: नवनाथ ईश्वर शिवशरण, फोर्कलिफ्ट ऑपरेटर, मोरबी (गुजरात). ९२ हा आकडा माझ्या डोक्याएवढा. रस्त्यापलीकडून वाचता येतो.

आबांना पांढरा शर्ट घातला. बटणं लागेनात, गळ्याचं उघडंच ठेवलं.

४ मे, नंतर

जे झालं ते लिहून ठेवतो, कारण लोक वेगवेगळं सांगतील.

साठेक माणसं होती. आबांना दोघांनी धरून स्टेजवर बसवलं. जुने डेपो मॅनेजर आले होते, त्यांनी हार घातला. हार घातला तशी आबांची मान खाली गेली ती वर आलीच नाही. लोकांना वाटलं, गहिवरले. टाळ्या वाजल्या. मी माइक त्यांच्या तोंडाजवळ धरला. माइकमधून श्वास ऐकू येत होता, एक, मग बराच वेळ काही नाही, मग एक. मी म्हटलं, आबांना शब्द सुचत नाहीत. पुन्हा टाळ्या.

तेवढ्यात प्रिया ड्यूटीवरून आली. स्कूटी रस्त्यापलीकडे लावली आणि तिथंच उभी राहिली, फ्लेक्सकडे बघत. मला वाटलं, जळतेय. मग ती पळत आली, स्कूटी तिच्या मागं आडवी पडली. सगळ्यांदेखत विचारलं, हा ब्याण्णव कशाचा? म्हटलं, वाच की, लिहिलंय. कधीचा रिपोर्ट? सोळा एप्रिलचा. गोळी लिहून आली नव्हती? मी म्हटलं, आली होती, पण मी विचार केला.

ती स्टेजवर चढली, आबांचं मनगट धरलं, पापणी वर करून बघितली. हार काढून फेकला. मांडववाल्याचा टेम्पो होता त्यात आबांना घातलं, आईनं कपाट उघडून चादर आणली, आणि गेले.

मी थांबलो. पाहुण्यांना असं टाकून कसं जाणार. पेढे वाटले. डेपो मॅनेजरनी पेढा घेतला नाही. म्हणाले, ईश्वरनं तीस वर्षांत एकदाबी चुकीचं तिकीट फाडलं न्हाय, पोरा.

चांगलं बोलले आबांबद्दल.

५ मे, सोमवार. दवाखाना

आयसीयू. अंगाचं तापमान चौतीस, पाहिजे सदतीस. नाडी अडतीस. कमी आहे ते चांगलं का, हे मी विचारलं नाही. शिकतोय.

डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, थायरॉइड बसलं की सगळं शरीर थंड पडत जातं, आणखी दोन दिवस असेच गेले असते तर उठले नसते. गार पाणी कुणी घातलं? आईनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, गोळी घेतली असती तर हे काहीच झालं नसतं, आमच्याकडे ‘सुरू केली’ असा मेसेज आहे. तो नंबर कुणाचा?

मी हात वर केला. वर्गात करतात तसा.

सुंदरम्मा सिस्टर बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, दोन हात पण जोडले होते की रे तू.

७ मे

नीट विचार केला. फ्लेक्स नसता तर प्रियाला आकडा कळला असता का? नसता. म्हणजे आबा वाचले कुणामुळे? हे मी आईला सांगितलं. आई डबा घेऊन आत गेली. डबा एकाचाच होता.

९ मे

आबांना वॉर्डात आणलं. गोळी बघितली, तांदळाएवढी. मला वाटलं होतं, कॅन्सरवाल्याची म्हणजे केवढी असेल. सकाळी उपाशीपोटी, अर्धा तास चहा नाही, आणि आता जन्मभर. ग्रंथी परत उठणार नाही. मॅडम म्हणाल्या, छातीतले ठिपके मात्र बारीक झालेत, इंजेक्शन पुढं चालू ठेवू. म्हणजे औषधानं त्याचं काम केलं होतं. बरं चाललं होतं.

दुपारी आबांजवळ मी एकटाच होतो. डोळे उघडले. घरघरत, तुकड्या तुकड्यानं विचारलं, गोळी. आली व्हती. का रं?

मी म्हटलं, आबा, मोरबीला नेटवर्कचा लई प्रॉब्लेम आहे.

त्यांनी डोळे मिटले. झोपले असतील. अशक्तपणा आहे.

१२ मे

मोरबीला निघालो. स्टेशनवर कुणी आलं नाही, सगळे दवाखान्यात. ग्रुपमधून प्रिया बाहेर पडली. मग आत्या. मेसेज टाकता येत नसला तरी बाहेर पडता येतं, हे मला माहीत नव्हतं.

१५ मे. मोरबी

माझ्या जागी पट्टीला दुसरा पोरगा घेतलाय. मला झाडायला दिलं, तात्पुरतं. सिद्धाराम फोर्कलिफ्ट चालवतोय. रोज सुट्टीनंतर अर्धा तास थांबून शिकला म्हणे, मला बोलला नाही. माझ्या शेजारून नेताना हॉर्न वाजवतो. नियमच आहे तसा.

फ्लेक्सचा फोटो रूमच्या भिंतीवर चिकटवला होता, तो मी नसताना कुणीतरी उतरवला. म्हटलं जाऊ दे.

२६ मे

आज आबांचं राहिलेलं सहावं इंजेक्शन. संध्याकाळी रिपोर्ट आला, माझ्याच नंबरवर. टीएसएच ४१. जाड अक्षरच. यावेळी स्टेटस टाकलं नाही. प्रियाला पाठवला. एकच टिक आली. मग कळलं, तिनं मला ब्लॉक केलंय. मग आईला पाठवला. आईला व्हॉट्सअॅप उघडता येत नाही, पण पाठवला हे महत्त्वाचं.

आता मीच तो जपून ठेवलाय.

८ जून

पाऊस आला म्हणे सोलापूरला. आईनं फोन उचलला. फ्लेक्सचं विचारलं. म्हणाली, मोरीवर टाकलाय, पत्रा गळत व्हता. म्हटलं, कुठली बाजू वर? म्हणाली, पांढरी. म्हणजे आंघोळ करताना वर बघितलं की मी. आबा रोज आंघोळ करतात. गरम पाण्यानं.

आबांना फोन दे म्हटलं. ते गोळी घेऊन अर्धा तास थांबलेत, म्हणाली. म्हटलं, गोळी घेतल्यावर चहा नाही चालत, बोललेलं चालतं. ती म्हणाली, व्हय, चालतं की. आणि फोन ठेवला.

१६ जून, सोमवार. सकाळी ११.२०

आज सातवं. झाडू कडेला ठेवून आईला फोन लावला. ओपीडीत हाय, गर्दी हाय, मागनं कर, म्हणाली आणि फोन पिशवीत टाकला. कट करायला विसरली. मी कानाला लावूनच राहिलो. पिशवीतली कागदं, टोकनचे आकडे, कुणाचा तरी खोकला. मग सुंदरम्मा सिस्टर. म्हणाल्या, आजोबा, रिपोर्टचा नंबर नीट करून घ्यायचाय ना, सांगा.

आणि आबा बोलले.

आवाज आला होता! पुरा. कुंभारी, वळसंग, अक्कलकोट, दुधनीवाला. मी घाईघाईनं स्पीकर लावला. सिद्धारामनं फोर्कलिफ्ट थांबवली, पट्टीवाला पोरगा वळला, ते बिहारीही बघायला लागले. मी त्यांना म्हटलं, माझे आबा. छाती भरून आली. माझा नंबर त्यांना अजून पाठ आहे. मीही त्यांच्याबरोबर म्हटलं, नऊ.

आबा म्हणाले, आठ.

मग पुढचे नऊ आकडे, एकेक सुटा, मध्ये थांबत, एकेक गाव पुकारल्यासारखे. सिस्टरनी परत वाचून दाखवले. आबा म्हणाले, व्हय. पोरगी हाय की माझी.

नेटवर्क फुल होतं.